म्हैस आडवी आली

आमच्या घरात करकरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एकच औषध होतं, तेल. दाराची बिजागरी करकरली की तेल, पाळण्याची कडी कुरकुरली की तेल, कान ठणकला, गुडघा धरला, आडावरचा रहाट रडायला लागला की घाल दोन थेंब. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, करडईचा घाणा होता, सिरसाळ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात. घाण्याचा बैल थकला तेव्हा त्यांनी त्याला पट्ट्यावर फिरणारं इंजन जोडलं. सकाळी ते डुगडुगायला लागलं की आमच्या चहाचे कप बशीत आपोआप सरकायचे. भाकरी कुस्करून तिच्यावर घाण्याचं कोमट तेल, तिखट आणि मीठ, एवढं झालं की जेवण झालं. पाहुणे आले तर येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी, आणि तिच्यावर पुन्हा बोटभर तवंग. माझ्या सातवीच्या पुस्तकांची पानं उजेडात धरली की पाठीमागचा धडा दिसायचा. गुरुजी म्हणायचे, ह्या पोरीला एका वेळी दोन धडे वाचता येतात.

हे मी रायपुरात बसून लिहितेय. पुढच्या खोलीत नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे, आणि लग्न झाल्यापासून मी तिथं त्याच्याबरोबर पाना धरून बसते. नात म्हणाली, आजी, तू सांगतेस ते लिहून काढ, म्हणून तिच्याच वहीत लिहायला घेतलं. हे प्रकरण मी खरं तर वेगळंच लिहिणार होते. अर्धं लिहून झालं होतं, आणि त्यात म्हैस होती. पण मागच्या रविवारी गावाहून मायचा फोन आला, आणि तो ऐकून मी दुकानातल्या टायरवर जी बसले ती नवऱ्यानं पाणी आणून देईपर्यंत उठले नाही. ती पानं फाडली. आता पहिल्यापासून लिहिते.

गावातली शाळा सातवीला संपायची. आठवीला सिरसाळ्याला जावं लागे, आणि एसटी यायची ती तिथली शाळा भरून दोन तास झाल्यावर. पोरं सायकलींवर जायची. पोरगी एकटी दोन कोस चालणार नाही, हे मायनं एकदाच सांगितलं आणि विषय मिटला. मी घाण्यावर बसले. पेंड पोत्यात भरायची, डबे पुसायचे, इंजनाला पाणी घालायचं. रडले वगैरे नाही. मी मुळातच भित्री, मागायलासुद्धा भिणारी. आप्पाही काही बोलले नाहीत. असं वर्ष गेलं, आणि एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. आप्पांनी तिच्यातून एक फटफटी उतरवली. उतरवली म्हणजे सांगाडा वेगळा, चाकं वेगळी आणि बाकीचं सगळं दोन पोत्यांत. धर्मापुरीला मायचं माहेर, तिथं कुणाच्या तरी गोठ्यात ती कित्येक वर्षं पडून होती. सीटच्या चिंध्यांत कोंबडीनं अंडी घातली होती, त्यातलं एक फुटकं अजून तिथंच होतं.

माय पिठाच्या हातानं बाहेर आली. पोत्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेलेलं जनावर घरी आणत्यात का कुणी?"

"पोरीला शाळंत सोडाय," आप्पा म्हणाले, आणि पोतं खांद्यावर टाकून आत गेले.

मी अंगणात तशीच उभी राहिले. वर्षभर हा माणूस गप्प होता तो ह्याच्यासाठी, हे माझ्या डोक्यात शिरायला दिवस मावळला. तोवर मी तीनदा झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं.

आप्पांना इंजन माहीत होतं, फटफटी माहीत नव्हती. दोघांचं काळीज एकच, असं म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. दुपारी घाणा थंडावला की लिंबाखाली मायचं जुनं लुगडं अंथरायचं आणि त्यावर एकेक भाग मांडायचा. गंज काढायचं काम माझं. रॉकेल, विटेची भुकटी आणि काथ्याची बोळी. सायलेन्सर मी देवघरातल्या समईसारखा चिंचेनं घासला, तर तो असा उजळला की माय येऊन त्यात स्वतःचं तोंड बघून गेली. कार्बोरेटर तिच्या परातीत धुतला आणि ती परात त्या दिवसापासून स्वैपाकातून गेली. एकदा तांदळाएवढा एक पितळी तुकडा हरवला. कोंबडीनं गिळला असं ठरलं. दोन दिवस आम्ही बापलेक त्या कोंबडीच्या मागं फिरलो, आणि तिसऱ्या दिवशी तो आप्पांच्याच तंबाखूच्या चंचीत निघाला. चाकाच्या तारा मात्र आप्पांनी कुणाला न विचारता ओढल्या. ते भजनात वीणा धरायचे. चमच्याची दांडी तारेवर मारायची, कान लावायचा. "ही खाली बोलती. अर्धा आटा दे." मी आटा द्यायचे. आजही मी चाक असंच लावते. गिऱ्हाईक हसतं, पण चाक डुलत नाही. आप्पांनी मला शाळेत पाठवलं नाही असं जे कुणी म्हणतं, त्याला मी ते चाक दाखवते.

जे आम्हाला कळत नव्हतं ते सांगायला सिरसाळ्याचे गफूर मिस्तरी दोन-तीनदा सायकलवर आले. मी त्यांना गफूरचाचा म्हणायचे. ते खाटेवर बसून चहा पीत आणि तिथूनच बोटानं दाखवत, हात लावत नसत. शेवटी ब्रेकचे नवे लायनर तेवढे त्यांनी स्वतः बसवले. मग एके सकाळी आप्पांनी लाथ मारली, दहाव्या-बाराव्या लाथेला गाडी फुटल्यासारखी ओरडली, लिंबावरचे सगळे कावळे उडाले आणि मायच्या हातातली कळशी पडली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. इतके महिने खपूनसुद्धा ती खरंच चालू होईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

पुढची सगळी हौस आप्पांची. दारांना लावून उरलेला पोपटी रंग होता, तो त्यांनी टाकीला लावला. घाण्याच्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून, दाभणानं शिवून सीट केली. माझे पाय पोचत नव्हते म्हणून मागच्या पायदानाला लाकडाचा ठोकळा बांधला. आणि डाव्या अंगाला तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून, कड दुमडून, बिजागरीचं झाकण लावून बसवला. माझ्या दप्तराचा डबा. गाव त्या गाडीला पोपट म्हणायला लागलं. पारावरची माणसं विचारायची, आप्पा, तुमचा पोपट पेरू खातो का पेट्रोल पितो. आप्पा म्हणायचे, दोन्ही.

एवढं सगळं झालं, आणि मग तो आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की मागच्या चाकातून बारीक कुईं निघायची, कुत्र्याच्या पिल्लासारखी. गफूरचाचा म्हणाले, नवा माल आहे, घासला की आपसूक बंद होईल. पण मायला ते खपेना. चांगल्या कामाला निघताना गाडीनं रडू नये, असं तिचं म्हणणं. कुईं झाली की आप्पांच्या कपाळाला आठी पडायची. आणि मला रात्रंदिवस एकच भीती, की ह्या आवाजापायी ह्यांचं मन फिरेल. नाव घालायला जायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, माय चुलीपाशी होती, आप्पा भजनाला गेले होते. मी चमचाभर तेल घेतलं आणि मागच्या चाकाच्या मध्यात, फटीतून, हळूच आत सोडलं. वर हात जोडले. माझ्या मनाला इतकं बरं वाटलं की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी घाणा बंद ठेवला. मी आत दोन वेण्या घालत होते, बाहेर माय पूजेचं ताट घेऊन गाडीभोवती फिरत होती. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा सातवीचा दाखला. आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. गाव सुटेपर्यंत मी त्यांच्या बंडीला धरून डोळे मिटून बसले होते. मग उघडले. रस्ता सपाट, रिकामा, दोन्ही बाजूंना नुसती काळी जमीन. कुईं नव्हती. ब्रेक लावायचं काही कारणच आलं नव्हतं, हे तेव्हा कुठलं सुचायला. माझ्या तेलानं गुण दिला असं मला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी पाठीमागं बसून मोठ्यानं पाढे म्हणायला लागले.

ओढ्याचा उतार लागला. खाली अरुंद पूल, आणि पुलावर समोरून एसटी. आप्पांनी पाय दाबला. तो पार खाली गेलेला मला दिसला. गाडी हळू झाली नाही. मग त्यांनी हातातला ब्रेक ओढला, मुठीला टेकेपर्यंत, आणि तरी गाडी तशीच. तेव्हा आप्पा गाडीला "हो, हो, हो" म्हणाले, उतारावर बैलाला म्हणतात तसं. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. पूल दहा पावलांवर असताना त्यांनी डावीकडं वळवलं आणि आम्ही खडीच्या ढिगात घुसलो.

उठले तेव्हा मला कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. दप्तराचा डबा पापडासारखा चपटा झाला होता, माझा पाय असायला हवा होता तिथं. आप्पांचा डावा पाय गाडीखाली होता आणि गुडघ्याखाली भलतीकडं वळला होता. त्यांनी हात लांब करून पुढच्या चाकाच्या मध्याला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं. आपल्या घाण्याचं तेल त्यांना झोपेतही ओळखता आलं असतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी जन्मभर घेऊन फिरले. ह्यांना कळलं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. ह्यांना सगळं कळलं.

एसटीतली माणसं धावत आली. ड्रायव्हरनं विचारलं काय झालं, ब्रेक नव्हते का.

"म्हैस आडवी आली," आप्पा म्हणाले.

"कुठं हाय म्हैस?"

"गेली."

ड्रायव्हरनं त्या उघड्या, रिकाम्या माळाकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, जनावराचं काय सांगावं.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. आप्पा पावसाळाभर खाटेवर होते, आणि पुढं कायमचे लंगडले. त्या खाटेभोवती म्हैस वाढत गेली. आधी नुसती म्हैस होती. बघायला येणारे विचारायचे, कशी होती. आप्पांना काहीतरी सांगावं लागायचं. काळी होती. मग एक शिंग मोडकं होतं. आठ दिवसांत गावानं ओळखलं, की मोडक्या शिंगाची म्हैस आख्ख्या शिवारात एकाच माणसाची आहे, आमच्या वरच्या आळीतल्या कोंडिबाची. कोंडिबा गरीब माणूस, तोंडातून शब्द न काढणारा. तो हात जोडून आला. म्हणाला, माझं जनावर त्या दिशी दावणीला व्हतं असं मला वाटतंय, पर सुटलं आसंल तर देव जाणं. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. दुसऱ्या दिवसापासून कोंडिबाची बायको रोज सकाळी तांब्याभर दूध आणून द्यायला लागली. माय नको म्हणायची, ती ठेवून जायची. पाय जुळायला दूध लागतं, असं म्हणायची. आप्पा अर्धं प्यायचे आणि उरलेलं मला. मी ते नाक दाबून, औषध प्यावं तसं प्यायचे. एकदा ओकलेसुद्धा.

गफूरचाचा गाडी बघायला आले तेव्हा घरात माझ्याशिवाय जागं कुणी नव्हतं, आप्पा गोळी घेऊन झोपलेले, माय शेतात. त्यांनी मागचं चाक काढलं, ड्रम उघडला आणि तो तसाच माझ्यापुढं धरला. आत तळं होतं.

"इतना तेल? भजे तळायचे व्हते का बेटी?"

मी रडत सगळं सांगितलं. ब्रेकला तेल चालत नाही, ब्रेक कोरडाच लागतो, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. चाचांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, इतकी वर्षं काम करतो, हे कुणाला सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही. मग ते ड्रममधल्या तेलाकडं बघत राहिले.

"चमचाभर घातलं म्हणतीस? हे पावशेर हाय." त्यांनी पुढचं चाक उघडलं. तिथंही तेच.

"पुढं म्या घातलंच न्हाई," मी म्हणाले.

"मग तेल चल के गया क्या?"

मी इतकी घाबरलेली होते, की पुढंही आपणच घातलं असेल आणि विसरलो असू, असं मी धरून चालले. चाचांनी रॉकेलनं दोन्ही ड्रम धुतले आणि जाताना सायकलवर बसत म्हणाले, "कोई पूछे तो मैं बी म्हैस देख्या बोलताउं."

शाळेचं पुन्हा कुणी बोललं नाही. आप्पांच्या जागी घाण्यावर मी बसले. पोपट लिंबाखाली उभा राहिला. दोन-तीन वर्षांनी हे स्थळ आलं. नवरा परदेशासारखा लांब, पण दुचाकीचं दुकान आहे हे ऐकून आप्पांनी लगेच हो म्हटलं. निघताना त्यांनी मला पान्यांचा संच दिला, लुगड्याच्या तुकड्यात बांधून. मी त्यांच्या पाया पडले आणि मनात म्हटलं, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, ह्याचे उपकार मी कसे फेडू. मोठ्यानं नाही म्हणाले. ते वारले तेव्हाही मी ते म्हटलं नव्हतं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा ब्रेक मी आजही तीनदा तपासते, नवऱ्यानं तपासला असला तरी. गिऱ्हाइकं मला घाबरट म्हणतात. आहेच मी.

आता फोन. माय ऐंशीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलते. म्हणाली, कोंडिबा गेला. मी हळहळले. तर म्हणाली, ऐक. आदल्या दिवशी त्यानं तिला बोलावणं पाठवलं होतं. माय तिथं गेली तर तो खाटेवरून हात जोडून म्हणाला, वहिनी, आप्पाचा पाय माझ्या म्हशीनं मोडला, पोरीची शाळा बुडाली, तेवढं पोटात घ्या.

"मग तू काय म्हणलीस?" मी विचारलं.

"काय म्हणू? घेतलं म्हणलं. त्याचा जीव अडकला व्हता. तवापासून घास उतरंना बग. म्हैस नव्हती गं."

ठावं हाय, असं मी म्हणणार, तेवढ्यात ती पुढचं बोलली. "गाडी निघायच्या आधी आसाला वंगण घालावं लागतंय ना. बैलगाडी बाजाराला निघताना तुझ्या आजीपासनं घालतावं आमी. त्या दिशी म्या दोन्ही चाकांत दोन दोन पळ्या वतल्या. तुझी शाळा म्या बुडवली."

मी टायरवर बसले ती इथं. आप्पांना ठाऊक होतं का, एवढंच माझ्या तोंडून निघालं. माय म्हणाली, आप्पा जायच्या वर्षी तिनं त्यांना सांगून टाकलं होतं. ते हसले होते. म्हणाले होते, गप बस, तुझ्या आधी पहाटं उठून म्या घातलतं. कुईं ऐकवत नव्हती. पोरीला मात्र कळू देऊ नको.

दुकानात पंप चालू होता, तो नवऱ्यानं बंद केला. बोट हुंगून आप्पांनी माझ्याकडं बघितलं ते मला पुन्हा दिसलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी पकडले गेले. ते घाबरले होते. माझ्याकडं बघून, माझ्यापासून लपवायचं म्हणून, त्यांनी ती म्हैस आणली होती.

"माय," मी म्हणाले, "म्या बी घातलतं. आदल्या सांजंला. चमचाभर."

फोन कटला असं वाटून मी दोनदा माय, माय म्हणाले. मग ती बोलली, ह्या वेळी न ओरडता.

"आन् दूध त्याचं पिलो की गं आपण. दोन महिने."

उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. कोंडिबाचा मुलगा त्याच घरात राहतो, त्याच्या दारात उभं राहून म्हैस नव्हती एवढं सांगायचं आहे. माय म्हणते, मी पण येते, एकटी जाऊ नको. तो काय म्हणेल ह्याची मला आत्तापासून भीती वाटतेय. आमच्या घरचं माणूस कुणाच्या दारात कधी रिकाम्या हातानं गेलं नाही, कायम बाटलीभर तेल घेऊनच गेलं. ह्या वेळी काय न्यावं ते सुचत नाही. तेल नेणार नाही.